उधारीची खतावणी आता मोबाईलवर: एकाच गिऱ्हाइकाच्या वीस नोंदींची बेरीज अशी करा

सोयाबीनची पट्टी आली, उसाचं बिल जमा झालं की गावात उधारी फिटायला सुरुवात होते. ट्रॅक्टरवाला, किराणा दुकानदार, खत-बियाणांचा दुकानदार, पिठाची गिरणी, ब्लोअर मारणारा, सगळ्यांच्या वह्या बाहेर निघतात. गिऱ्हाईक समोर उभं राहून विचारतं, "माझं किती झालं?" आणि इथंच घोळ सुरू होतो. मे महिन्यात एक नोंद, जूनमध्ये दोन, मध्येच दोन हजार दिलेले, परत श्रावणात एक नोंद. पानं उलटत उलटत बेरीज करायची, एखादी नोंद राहून जायची, मग तोंडावर वाद.

अलीकडं बऱ्याच जणांनी वही सोडून मोबाईलमध्ये गुगल शीट्सवर नोंदी ठेवायला सुरुवात केली आहे. चांगली गोष्ट आहे. पण नोंदी मोबाईलमध्ये असल्या तरी बेरीज मात्र कॅल्क्युलेटरवर वेगळी, असं अनेक ठिकाणी चालतं. म्हणजे वही बदलली, काम तेवढंच राहिलं. खरं तर एकाच गिऱ्हाइकाच्या विखुरलेल्या नोंदी गोळा करून बेरीज मांडणं हे काम शीट स्वतः करू शकते. त्यासाठी कुठला कोर्स लागत नाही. एक सूत्र आणि एक शिस्त लागते. शिस्त जास्त महत्त्वाची, म्हणून आधी तिच्याबद्दल.

कीर्द आणि खतावणी: जुनाच हिशेब

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांकडं दोन वह्या असायच्या. एक रोजकीर्द. त्यात दिवसभरात जे घडेल ते त्याच क्रमानं लिहायचं. कोण आलं, काय नेलं, किती दिले. दुसरी खतावणी. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान. रात्री दुकान बंद झालं की कीर्दीतली एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या पानावर मांडायची. याला 'खतावणे' म्हणायचे. मग कुणाचं किती झालं हे एका पानावर दिसायचं.

हीच पद्धत आपल्याला सरकारी कागदातही दिसते. सातबारा गटाचा असतो. एकाच शेतकऱ्याचे गावात पाच गट असतील तर पाच ठिकाणी त्याचं नाव येतं. आठ-अ मात्र खातेदाराचा असतो. त्यात त्या माणसाचं गावातलं सगळं क्षेत्र एकत्र दिसतं. सातबारा ही कीर्द धरली तर आठ-अ ही खतावणी.

मोबाईलवर आपण बहुतेक जण फक्त कीर्द लिहितो, खतावणी करतच नाही. शीटचं खरं काम ती खतावणी करून देणं हे आहे.

नावावर बेरीज केली तर काय होतं?

सगळ्यात पहिला विचार मनात येतो तो असा की, नावाचा रकाना आहेच, मग 'बापू' नावाच्या सगळ्या नोंदींची बेरीज करून टाकू. इथंच फसायला होतं. खालचं उदाहरण बघा. आकडे आणि नावं फक्त समजण्यासाठी घेतली आहेत. ट्रॅक्टरवाल्याच्या पाच नोंदी आहेत:

३ मे, बापू, नांगरट, उधारी ३०००
११ मे, बापू, नांगरट, उधारी २५००
२८ मे, बापूराव, रोटर, उधारी १८००
१८ जून, बापु, पेरणी, उधारी १२००
१० ऑगस्ट, बापू, जमा २०००

यात ३ मे, २८ मे, १८ जून आणि १० ऑगस्टच्या नोंदी मळ्यातल्या बापूंच्या आहेत. ११ मेची नोंद गावठाणातल्या दुसऱ्या बापूंची आहे. ट्रॅक्टरवाल्याला हे लिहिताना पक्कं माहीत होतं. मोबाईलला माहीत नाही. मोबाईल माणूस ओळखत नाही, फक्त अक्षरं जुळतात का एवढं बघतो. दीर्घ 'पू' वेगळा, ऱ्हस्व 'पु' वेगळा. 'बापूराव' तर त्याच्या लेखी तिसराच माणूस.

नावावर बेरीज मागितली की तो सांगणार: बापूंची बाकी ३५००, बापूरावांची १८००, बापुंची १२००. एकूण ६५००.

खरा हिशेब असा: मळ्यातल्या बापूंची उधारी ३००० अधिक १८०० अधिक १२०० म्हणजे ६०००. त्यातून जमा २००० वजा. बाकी ४०००. गावठाणातल्या बापूंची बाकी २५००. एकूण ६५००.

आता नीट बघा. दोन्हीकडं एकूण आकडा ६५०० च आहे. म्हणून वरवर बघणाऱ्याला काही चुकलंय असं वाटतच नाही. पण गावठाणातल्या बापूंना "तुमचे ३५०० झाले" असं सांगितलं तर त्यांच्याकडं नसलेले १००० रुपये मागितल्यासारखं होईल. आणि ते जर मळ्यातल्या बापूंना सांगितलं तर ५०० रुपये आपलेच बुडाले. वर बापूराव आणि बापु ही दोन नावं यादीत तशीच पडून राहणार. गावात पैसे उशिरा मिळाले तर माणूस सोसतो. पण न घेतलेल्या उधारीचा तगादा चारचौघांत झाला, तर तो माणूस परत त्या दुकानाची पायरी चढत नाही.

नावाच्या आणखी गंमती आहेत. पाटील आणि पाटिल. अण्णा आणि आण्णा. कधी मराठीत नाव, कधी इंग्रजीत. शिवाय मोबाईलच्या कीबोर्डवर वर सुचवलेला शब्द दाबला की त्याच्यामागं आपोआप एक मोकळी जागा पडते. ती डोळ्याला दिसत नाही, पण शीटच्या लेखी मोकळ्या जागेसकटचा 'बापू' आणि नुसता 'बापू' वेगळे असतात.

डेअरीवाल्यांची पद्धत उचला: आधी नंबर

यावर उपाय आपल्या गावात रोज सकाळ-संध्याकाळ वापरला जातो. दूध संकलन केंद्रावर कॅन ठेवला की आपण नाव सांगत नाही, नंबर सांगतो. प्रत्येक उत्पादकाला एक नंबर दिलेला असतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दर सगळं त्या नंबरावर चढतं. दहा किंवा पंधरा दिवसांनी बिल निघतं ते त्याच नंबराच्या सगळ्या नोंदींची बेरीज करून. गावात एकाच नावाचे चार जण असले तरी एकाचं दूध दुसऱ्याच्या बिलात सहसा जात नाही, त्याचं कारण हा नंबर.

आपल्या धंद्यातही तेच करायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कायमचा नंबर द्यायचा. सुरुवात १०१ पासून करा. १, २, ३ असे नंबर दिले तर ते पिशव्या, तास, एकर यांच्या आकड्यात मिसळायची भीती असते. १०१, १०२ असे दिले की बघताक्षणी कळतं की हा गिऱ्हाइकाचा नंबर आहे.

दोन नियम पाळा. एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, ते गिऱ्हाईक येणं बंद झालं तरी. आणि बाप-लेक वेगळे राहात असतील, भावाभावांत वाटणी झाली असेल, तर नंबर वेगळे. उधारी कुणाच्या नावावर लिहायची हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बऱ्याच घरात कामाला सांगणारी बाई असते आणि पैसे देणारा पोरगा असतो. तिथं दोघांच्या संमतीनं एकच नंबर ठेवला तर पुढचा गोंधळ टळतो.

पहिलं पान: कीर्द

आता प्रत्यक्ष काम. गुगल शीट्स उघडा, अधिकचं चिन्ह दाबून नवीन फाईल करा. खाली पानाचं नाव दिसतं. ते दाबून नाव बदला आणि इंग्रजी चार अक्षरांत 'कीर्द' लिहा: के, आय, आर, डी. इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता लिहायचं, कारण पुढं सूत्रात हे नाव टाकायचं आहे.

पहिल्या ओळीत सहा रकान्यांची नावं द्या:

ए रकाना: तारीख
बी रकाना: गिऱ्हाईक नंबर
सी रकाना: नाव
डी रकाना: काम किंवा माल
ई रकाना: उधारी
एफ रकाना: जमा

दुसऱ्या ओळीपासून नोंदी. एका व्यवहाराला एक ओळ. पैसे आले तरी नवीन ओळ घ्यायची. जुनी उधारीची रक्कम खोडून कमी करायची नाही. बापूंनी ३००० पैकी २००० दिले म्हणून ३००० च्या जागी १००० लिहिलं, तर उद्या "मी तर दोन हजार दिले होते" असं ते म्हणतील तेव्हा दाखवायला काही उरत नाही.

रकमेच्या रकान्यात फक्त आकडा टाका. आपल्याला '३०००/-' लिहायची सवय असते. कागदावर ती चांगली, कारण पुढं कुणी शून्य वाढवू शकत नाही. पण शीटमध्ये ती रेघ आली की तो आकडा राहात नाही, मजकूर होतो आणि बेरजेतून गुपचूप वगळला जातो. 'रु.', 'रोख', 'फोनपे' असं काही त्याच चौकोनात लिहिलं तरी तेच होतं. ते सगळं डी रकान्यात लिहा. आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच वापरा.

आकडा बरोबर बसला का हे ओळखायची सोपी खूण: आपण काही बदललं नसेल तर शीट आकडा आपोआप चौकोनात उजवीकडं सरकवते आणि मजकूर डावीकडं ठेवते. रकमेच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडं चिकटलेला दिसला तर तो बेरजेत धरला जात नाही असं समजा. तारखेलाही हीच खूण लागू आहे. शिवाय फाईलच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे का ते एकदा बघून घ्या. अमेरिका असेल तर ५/६ ही आपली ५ जून त्याला ६ मे वाटते.

दुसरं पान: खतावणी

खालचं अधिकचं चिन्ह दाबून त्याच फाईलमध्ये दुसरं पान घ्या. त्याला 'खतावणी' नाव द्या, हे मराठीत चालेल. पाच रकाने करा: ए मध्ये नंबर, बी मध्ये नाव आणि ओळख, सी मध्ये एकूण उधारी, डी मध्ये एकूण जमा, ई मध्ये बाकी.

ए आणि बी मध्ये सगळ्या गिऱ्हाइकांची यादी एकदाच भरायची. प्रत्येक नंबर एकदाच. ओळख सविस्तर लिहा: 'बापू, मळा, विहिरीजवळचे' आणि 'बापू, गावठाण, मारुतीच्या देवळामागं'.

आता सी रकान्यात दुसऱ्या ओळीत सूत्र. इथं वाचायला सोपं जावं म्हणून ते मराठी अक्षरात देतो. मोबाईलवर टाकताना सगळी अक्षरं आणि आकडे इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता टाका:

= एसयूएमआयएफ ( केआयआरडी ! बी : बी , ए२ , केआयआरडी ! ई : ई )

घाबरू नका, याचा अर्थ सरळ आहे. एस, यू, एम, आय, एफ ही पाच अक्षरं म्हणजे 'अट जुळली तरच बेरीज कर'. कंसात तीन गोष्टी स्वल्पविरामानं वेगळ्या केल्या आहेत:

पहिली, कुठं शोधायचं: कीर्दीच्या पानावरचा बी रकाना, म्हणजे गिऱ्हाईक नंबर.
दुसरी, काय शोधायचं: या ओळीतला ए२ मधला नंबर, समजा १०४.
तिसरी, जुळलं तर कशाची बेरीज करायची: कीर्दीचा ई रकाना, म्हणजे उधारी.

थोडक्यात आपण शीटला सांगितलं, "कीर्दीत जिथं जिथं १०४ दिसेल, तिथली उधारी गोळा करून इथं मांड." मुनीम रात्री बसून करायचा तेच हे काम.

डी२ मध्ये जमेसाठी तेच सूत्र, फक्त शेवटी ई : ई च्या जागी एफ : एफ. हे सूत्र सी२ मधून कॉपी करून डी२ मध्ये चिकटवू नका. आडवं चिकटवलं की रकान्यांची अक्षरंही एकेक घर पुढं सरकतात आणि हिशेब भलतीकडं जातो. वेगळं टाईप करा.

ई२ मध्ये: = सी२ - डी२ . ही झाली बाकी.

आता सी२, डी२ आणि ई२ हे तीन चौकोन एकत्र निवडून कॉपी करा आणि खाली यादी जिथपर्यंत आहे तिथपर्यंत चिकटवा. उभं चिकटवताना ए२ चं आपोआप ए३, ए४ होत जातं. ते आपल्याला हवंच आहे.

वरच्या उदाहरणात मळ्यातल्या बापूंना १०४ आणि गावठाणातल्या बापूंना ११९ नंबर दिला, तर नावाच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असलं तरी १०४ पुढं ४००० आणि ११९ पुढं २५०० दिसेल. यापुढं कीर्दीत नवीन ओळ टाकली की खतावणीतली बाकी त्याच क्षणी बदलते. परत बेरीज करावी लागत नाही.

ज्यांच्याकडं संगणक आहे त्यांना याच कामासाठी पिव्होट टेबल नावाची सोयही वापरता येते. तिथं सूत्र न लिहिता नंबर आणि रक्कम हे रकाने निवडले की एकत्र बेरीज मिळते. मोबाईलवर मात्र वरचं सूत्रच सोयीचं पडतं.

ताळा बघितल्याशिवाय कुणाला आकडा सांगू नका

शाळेत गुणाकार झाला की गुरुजी ताळा करायला लावायचे. इथंही ताळा लागतो. खतावणीच्या पानावर बाजूला, जी१ मध्ये लिहा: = एसयूएम ( केआयआरडी ! ई : ई ) . ही कीर्दीतली सगळी उधारी. त्याखाली जी२ मध्ये: = एसयूएम ( सी२ : सी५०० ) . ही खतावणीतली सगळी उधारी. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. जमेचा ताळाही असाच करा.

खतावणीचा आकडा कमी आला तर कीर्दीत एखाद्या ओळीला नंबर टाकायचा राहिला आहे, किंवा असा नंबर टाकला आहे जो यादीत नाही. खतावणीचा आकडा जास्त आला तर यादीत एखादा नंबर दोनदा लिहिला गेला आहे आणि त्याची बेरीज दोनदा धरली जाते आहे.

पण दोन चुका या ताळ्यातून सुटतात, हेही लक्षात ठेवा. एक, मजकूर झालेला आकडा. तो दोन्ही बेरजांतून वगळला जातो, म्हणून ताळा जुळतोच. त्यासाठी डावीकडं चिकटलेले आकडे डोळ्यांनी शोधायचे. दुसरी, १०४ च्या जागी चुकून १४० टाकला आणि १४० नंबरही यादीत आहे. तेव्हाही ताळा जुळतो. म्हणूनच नंबर असला तरी कीर्दीत नावाचा रकाना ठेवायचा. नंबर मोबाईलसाठी, नाव आपल्यासाठी. नोंद झाली की समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवा: "एकशेचार, मळ्यातले बापू, पेरणी, बाराशे." ही सवय लागली की चुका जागच्या जागी सापडतात.

जुनी फाईल नुसत्या नावांची असेल तर

वर्षभराच्या नोंदी नावावरच असतील तर त्या टाकून द्यायची गरज नाही. एका मोकळ्या पानावर हे सूत्र टाका:

= एसओआरटी ( युनिक ( केआयआरडी ! सी : सी ) )

'युनिक' हा इंग्रजी शब्द यू, एन, आय, क्यू, यू, ई असा टाकायचा. याचा अर्थ, नावाच्या रकान्यातलं प्रत्येक नाव एकदाच दाखव आणि अक्षरांच्या क्रमानं लाव. मग बापु, बापू, बापूराव एकाखाली एक दिसतील. आपल्या गिऱ्हाइकांची संख्या साठ आणि यादी नव्वदची निघाली, तर तीस नावं वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिली गेली आहेत असं समजा. ही यादी कागदावर उतरवून घ्या, प्रत्येकापुढं नंबर लिहा आणि कीर्दीत जाऊन बी रकाना भरा. 'बापू' सारखं एकच नाव दोघांचं असेल तिथं तारीख आणि काम आठवून, नाहीतर जुन्या वहीत बघून, ओळ कुणाची ते ठरवा. हे काम मोबाईल करणार नाही. ते माहीत असणारा माणूसच करू शकतो. एक संध्याकाळ जाईल, पण एकदाच.

गिऱ्हाइकाला त्याचा उतारा द्या, गावाला यादी नको

"चार हजार झाले" एवढं सांगून भागत नाही. कशाचे झाले हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी तिसरं पान घ्या, नाव 'उतारा'. ए१ मध्ये गिऱ्हाइकाचा नंबर टाका आणि ए३ मध्ये हे सूत्र:

= फिल्टर ( केआयआरडी ! ए : एफ , केआयआरडी ! बी : बी = ए१ )

'फिल्टर' म्हणजे एफ, आय, एल, टी, ई, आर. आता ए१ मध्ये १०४ टाकलं की खाली फक्त मळ्यातल्या बापूंच्या ओळी, तारखेसकट. त्याचा स्क्रीनशॉट काढून त्यांच्या एकट्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

पूर्ण फाईलची लिंक कुणाला देऊ नका. सगळ्यांच्या बाक्यांची यादी गावाच्या ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. कुणाच्या घरात दवाखाना निघालेला असतो, कुणाचं पीक गेलेलं असतं. ज्याची बाकी त्याला माहीत, आणि ज्याची येणी त्याला माहीत, एवढंच पुरे. घरातल्या माणसाला फाईल द्यायची असेल तर बदल करायचा अधिकार विश्वासातल्या एकालाच द्या, बाकीच्यांना फक्त बघायचा.

तारीख आणि सही का लागते?

उधारीच्या हिशेबाला कायद्याची एक बाजू आहे. मुदत कायदा १९६३ प्रमाणे उधारीवर दिलेल्या मालाची किंवा केलेल्या कामाची किंमत वसूल करायला दावा लावायची मुदत ३ वर्षं आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर ती माल दिल्यापासून किंवा काम झाल्यापासून मोजतात. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं "एवढी बाकी मान्य" असं लिहून सही केली तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्यानं मोजली जाते. म्हणून प्रत्येक ओळीला तारीख पाहिजेच.

दुसरं, १ जुलै २०२४ पासून जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ लागू झाला आहे. धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी, संगणक-मोबाईलमधल्या धरून, पुराव्यात बघितल्या जातात. पण नुसत्या नोंदीच्या जोरावर कुणाला देणेकरी ठरवता येत नाही. त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते. म्हणजे आपली शीट कितीही नेटकी असली तरी "माझ्या मोबाईलमध्ये लिहिलंय" एवढं पुरत नाही. वर्षातून एकदा उताऱ्याची छापील प्रत काढून त्यावर तारखेसह गिऱ्हाइकाची सही घेतली, तर दोघांनाही बरं. गावात उधारीपायी कोर्टाची पायरी सहसा कुणी चढत नाही, पण सही केलेला कागद असला की वाद तिथवर जातच नाही.

पाडव्याच्या आत एवढं करा

दिवाळीत वहीपूजन करून नवीन वही घालायची आपली रीत आहे. मोबाईलवर हिशेब ठेवणाऱ्यांनी तो मुहूर्त धरून पुढची कामं उरकावीत:

१. सगळ्या गिऱ्हाइकांची यादी करून १०१ पासून नंबर द्या.
२. कीर्दीत प्रत्येक जुन्या ओळीला नंबर भरा.
३. खतावणीत सूत्र टाकून ताळा जुळवा.
४. डावीकडं चिकटलेले आकडे शोधून दुरुस्त करा.
५. प्रत्येकाला त्याचा उतारा दाखवून बाकी मान्य करून घ्या.
६. मान्य झालेली बाकी नवीन वर्षाच्या कीर्दीत पहिली ओळ म्हणून 'मागील बाकी' असं लिहून घ्या. जुनी फाईल पुसू नका.

फाईल ज्या जीमेल खात्यावर आहे त्याचा पासवर्ड घरात अजून एकाला माहीत असू द्या. मोबाईल हरवला तरी त्या खात्यानं दुसऱ्या मोबाईलवर फाईल परत उघडते. शेतात, वाडीवस्तीवर रेंज नसते, म्हणून फाईलच्या तीन टिंबांत जाऊन ती 'ऑफलाईन उपलब्ध' करून ठेवा. तिथं टाकलेली नोंद रेंज आली की आपोआप जमा होते. आणि पहिलं वर्षभर तरी खिशातली छोटी वही सोडू नका. दिवसभराच्या नोंदी वहीत, रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटांत कीर्दीत. दोन्हीकडं एकच आकडा दिसत राहिला की मोबाईलवरही भरवसा बसतो आणि गिऱ्हाइकाचाही आपल्यावर.